स्टॉपलॉस लावलेला असताना कंपनीच्या बातमीची भीती कशाला?

तुम्ही विचारलंय की स्टॉपलॉस (भाव ठराविक पातळीला पडला की आपोआप विकायची ऑर्डर) लावलेला आहे, मग कंपनीची वाईट बातमी आली तर फार तर तेवढाच लॉस होणार ना? तर नाही हो, कारण बऱ्याच बातम्या मार्केट बंद झाल्यावर येतात आणि शेअर दुसऱ्या दिवशी डायरेक्ट खालीच उघडतो, मधल्या भावाला कोणी घेणाराच नसतो.

इंडसइंड बँकेचं बघा. 10 मार्च 2025 ला शेअर 900 च्या आसपास बंद झाला, मग बँकेने एक्स्चेंजला कळवलं की डेरिव्हेटिव्हच्या (दुसऱ्या कशाच्या तरी भावावर बेतलेल्या सौद्यांच्या) हिशोबात गडबड सापडलीय, नेटवर्थला (देणी वजा जाता उरणाऱ्या मालमत्तेला) साधारण 2.35 टक्के फटका. दुसऱ्या दिवशी शेअर 27 टक्के पडून 656 ला बंद. आता समजा तुमचा स्टॉपलॉस 880 ट्रिगर (इथे भाव आला की ऑर्डर चालू), 875 लिमिट (याच्या खाली विकायचं नाही) असा होता, तर गॅपडाऊनमध्ये, म्हणजे शेअर असा डायरेक्ट खाली उघडला की, ट्रिगर लागतो पण 875 ला गिऱ्हाईकच नाही, ऑर्डर पेंडिंग आणि तुम्ही स्क्रीनकडे बघत बसलेले. मार्केट ऑर्डर असेल तर सुटाल, पण मिळेल त्या भावाला. आणि फटका 2.35 टक्क्यांचा असताना 27 टक्के का, तर लोकांना वाटतं अजून काय काय बाहेर येणार कोणास ठाऊक. विश्वास उडाला की आकड्यांना कोण विचारतो!

सत्यम या आयटी कंपनीच्या वेळी तर 7 जानेवारी 2009 ला भर दिवसा चेअरमन रामलिंग राजूंचं हिशोबात घोटाळा केल्याची कबुली देणारं पत्र आलं, शेअर एका दिवसात 179 वरून 40 च्या खाली.

स्मॉलकॅपमध्ये, म्हणजे छोट्या कंपन्यांच्या शेअरमध्ये, वेगळीच गंमत. माझ्याकडे एक होता, नाव नको. शुक्रवारी रात्री ऑडिटरचा राजीनामा आणि सोमवारपासून 5 टक्क्यांचं लोअर सर्किट (त्या दिवशी याच्या खाली भाव जाऊच शकत नाही अशी मर्यादा), मी रोज 9 च्या ठोक्याला विकायची ऑर्डर टाकायचो पण माझ्या पुढे लाखो शेअर्सची रांग. सहाव्या सर्किटला सुटलो, 100 चे 73 झाले होते. स्टॉपलॉस होता बरं का, 95 चा!

तेव्हापासून मी एका शेअरमध्ये एकूण पैशाच्या 5 टक्क्यांवर जात नाही, आणि चार दिवसांचा ट्रेड असेल तर रिझल्टच्या आदल्या दिवशीच मोकळा होतो. रिझल्टच्या बोर्ड मीटिंगची तारीख एनएसईच्या साइटवर आधी दिसते, फुकट आहे, बघत जा.