झाकण काढताच बाओ का बसतात?

प्रश्न: घरी केलेले सारणाचे बाओ, म्हणजे वाफवलेले चिनी पाव, वाफेवर छान फुगतात, पण झाकण काढलं की डोळ्यांदेखत बसतात. वरचा पापुद्रा सुरकुततो आणि आत पीठ गच्च, ओलसर दिसतं. यीस्ट खराब असेल का?

उत्तर: यीस्ट ठीक आहे. ते मेलेलं असतं तर बाओ आधी फुगलेच नसते. वाफवताना आतला वायू आणि वाफ मिळून बाओला ताणून धरतात. झाकण निघालं की गार हवा लागते, आतली वाफ क्षणात पाणी होते आणि दाब उतरतो. त्या वेळी पिठाच्या भिंती शिजून घट्ट झालेल्या असतील तर बाओ उभा राहतो. त्या कमकुवत असतील तर बाहेरची हवा त्याला दाबून टाकते.

भिंती कमकुवत राहण्याचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे दुसऱ्यांदा फुगवताना पीठ जास्त आंबणं. कृतीत ‘४० मिनिटं’ लिहिलेलं असतं म्हणून आपण घड्याळ लावून बसतो, पण २२ अंशांच्या खोलीतली ४० मिनिटं आणि ३५ अंशांतली ४० मिनिटं यांत फार मोठा फरक आहे. घड्याळाऐवजी पीठच तपासा. भरलेला बाओ मूळ आकाराच्या दीडपट झाला की पुरे, दुप्पट होऊ देऊ नका. खाली ठेवलेल्या कागदासकट उचलला तर तो हलका लागला पाहिजे. बाजूला बोट अलगद दाबा. खळगा झटकन भरला तर अजून थांबा, सावकाश भरला तर लगेच वाफेवर ठेवा, आणि भरलाच नाही तर वेळ टळली आहे. असं पीठ वाफवण्यात अर्थ नाही. मांतौ असतील, म्हणजे सारण नसलेले, तर वायू पूर्ण काढून पुन्हा मळा आणि नव्याने आकार द्या.

दुसरं कारण आच. मोठ्या आचेवर बाओ भराभर ताणले जातात आणि भिंती पातळ होतात. पाणी उकळलं की आच मध्यम करा, झाकणाच्या कडेने वाफ सतत, पण जोर न करता निघाली पाहिजे. ४० ग्रॅमच्या पारीत कच्चं मटण किंवा डुकराचा खिमा असेल तर वाफ धरल्यापासून १२ ते १३ मिनिटं द्या. मधे झाकण उघडू नका. आच बंद केल्यावर झाकणाखाली एक चॉपस्टिक सरकवून फट ठेवा आणि ३ ते ५ मिनिटं थांबा, म्हणजे दाब हळूहळू उतरतो. नेमकी ही पायरी बहुतेक जण गाळतात.

तिसरं, धातूच्या झाकणाचं पाणी. थेंब पडेल तिथे पीठ दबून पिवळट, अर्धपारदर्शक डाग पडतो. बांबूचं झाकण वाफ शोषतं, धातूचं शोषत नाही. त्याला आतून जाड सुती कापड बांधा आणि कापडाची टोकं वर घेऊन गाठ मारा, म्हणजे ती आचेकडे लोंबणार नाहीत.

प्रश्न: पिठाचं नेमकं प्रमाण काय? माझे बाओ खरबरीत होतात, वर बारीक खळगे पडतात.

उत्तर: १२ बाओंसाठी ३०० ग्रॅम मैदा, १५० ते १५५ मिली कोमट पाणी, ३ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट, २० ग्रॅम साखर, १० ग्रॅम तेल. मैद्याच्या पाकिटावर १०० ग्रॅममागे ९ ते ११ ग्रॅम प्रथिनं लिहिलेली असावीत. ब्रेडचा जास्त प्रथिनांचा मैदा घेतलात तर बाओ चिवट होतात आणि पापुद्रा आकसतो. पाणी ३८ अंशांपर्यंतच असू द्या. हे पीठ ब्रेडच्या पिठापेक्षा घट्ट असतं आणि सुरुवातीला कोरडं वाटतं. तरीही पाणी वाढवू नका, १० मिनिटं झाकून ठेवलं की ते आपोआप मऊ येतं.

खळगे पडतात ते पिठात राहिलेल्या मोठ्या बुडबुड्यांमुळे. पीठ दुप्पट फुगल्यावर नुसतं दाबून भागत नाही. लांबट लाटा, तीन घड्या घाला, पुन्हा लाटा. असं ८ ते १० वेळा करा, लागलाच तर चिमूटभर मैदा भुरभुरवा. मग सुरीने कापून कडा बघा. छिद्रं दिसली तर अजून लाटा. कापलेली बाजू सलग, गुळगुळीत दिसली की ४० ग्रॅमचे उंडे करा. इथे खर्च केलेली मेहनत बाओच्या पापुद्र्यावर स्पष्ट दिसते, म्हणून ती वाचवू नका.

प्रश्न: सारणाचं पाणी सुटून तळ भिजतो आणि चुण्या उघडतात.

उत्तर: पारी मधे जाड आणि कडेला पातळ लाटा, व्यास साधारण १० सेंटिमीटर. सगळीकडे सारखी लाटली तर तळ फाटतो आणि वर चुण्यांचा गठ्ठा होतो. कडेला तेल किंवा रस लागला तर पीठ पिठाला धरत नाही, म्हणून सारण मधोमध ठेवा. सुरुवातीला २५ ग्रॅम भरा. हात बसला की वाढवा.

डुकराचा खिमा २०० ग्रॅम असेल तर आधी पाव चमचा मीठ, अर्धा चमचा साखर, १५ मिली सोया सॉस आणि किसलेलं आलं घालून एकाच दिशेने ढवळा. खिमा चिकट झाला की ४० मिली पाणी तीन वेळा थोडं थोडं जिरवा. मिठामुळे सुटलेली प्रथिनं हे पाणी धरून ठेवतात आणि शिजल्यावर सारण रसाळ राहतं. कांद्याची पात ३० ग्रॅम चिरून १० मिली तिळाच्या तेलात घोळवा आणि अगदी शेवटी मिसळा. सारण अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा, घट्ट झालं की भरणं सोपं जातं. कोबी घालणार असाल तर चिरून वजनाच्या १ टक्का मीठ लावा आणि १५ मिनिटांनी घट्ट पिळा.

प्रश्न: उत्तर चीनमध्ये यीस्टऐवजी राखून ठेवलेलं जुनं पीठ वापरतात. त्यात सोडा किती घालायचा?

उत्तर: ठरावीक आकडा देता येणार नाही, कारण प्रत्येक वेळी आंबटपणा वेगळा असतो. जुन्या पिठात यीस्टबरोबर आम्ल तयार करणारे जिवाणूही वाढतात आणि सोडा ते आम्ल मारतो. ३०० ग्रॅम मैद्याला १ ग्रॅम खाण्याच्या सोड्याने सुरुवात करा. तो चमचाभर पाण्यात विरघळवूनच घाला, कोरडा घातलात तर पिवळे ठिपके पडतात. मग पीठ फाडून वास घ्या. खात्री नसेल तर सुपारीएवढा गोळा वाफवून पाहा. पिवळा झाला तर सोडा जास्त झाला आहे, पीठ अजून थोडा वेळ आंबू द्या. करडा आणि आंबट निघाला तर सोडा कमी पडला.

प्रश्न: याच पिठाचे कँटनी पद्धतीचे, वरून उमललेले ‘चार सिऊ’ बाओ (भाजलेल्या गोडसर डुकराच्या मांसाचं सारण असलेले) होतील का?

उत्तर: नाही. त्यांना कमी प्रथिनांचा मैदा, बरीच जास्त साखर आणि बेकिंग पावडर लागते. शिवाय ते पहिल्यापासून जोरदार वाफेवर ठेवतात, तेव्हाच माथा फुटतो.

प्रश्न: उरलेले बाओ कसे ठेवायचे?

उत्तर: पूर्ण निवले की पिशवीत बंद करून फ्रीझरमध्ये. साध्या फ्रिजमध्ये पिठूळपणा लवकर येतो. खायच्या वेळी वितळवू नका. गोठलेलेच उकळत्या पाण्यावर ठेवा आणि मध्यम आचेवर १० मिनिटं वाफवा. सारण मधोमध कढत झालं आहे का, ते एक फोडून बघा.