धृतराष्ट्र गप्प का?

गीता वाचायला घेतलीस, छान. पण श्लोकाचा अर्थ कळला की लगेच पुढे पळू नकोस. कोण बोलत नाही, तेही बघ.

धृतराष्ट्राचंच घे. 700 श्लोकांत त्याचा एकच, तोही अगदी पहिला. त्यानंतर चकार शब्द नाही. शेवटी संजयाच्या अंगावर काटा आलाय, ‘राजन्’ म्हणून तो पुन्हा पुन्हा आनंद सांगतोय, आणि समोरून हूं की चूं नाही. या गप्पपणावर थांब.

मग मागे जा, महाभारताच्या भीष्मपर्वात; गीता त्यातच येते. संजय रणांगणावरून परततो तो भीष्म पडल्याची बातमी घेऊनच. म्हणजे पहिल्या श्लोकात ‘काय केलं त्यांनी?’ हे म्हातारा धृतराष्ट्र विचारतो तेव्हा दहा दिवसांचं युद्ध होऊन गेलेलं असतं! गीता सुटी वाचणाऱ्याला हे दिसतच नाही.

ज्ञानेश्वरांनी ही जागा बरोबर हेरली. नवव्या अध्यायाच्या शेवटी त्यांचा धृतराष्ट्र पुराच्या पाण्यात बसलेल्या म्हशासारखा ढिम्म आहे. अठराव्यात तर ते त्याला बोलतंही करतात: हे राहू दे, जिंकणार कोण ते सांग, दुर्योधनाचं सैन्य दीडपट आहे ना?

आता हे ज्ञानेश्वरांचं, व्यासांचं नव्हे, एवढं भान ठेव. मूळ ग्रंथात आधार नसेल तर आपली कल्पना कितीही गोड वाटो, वहीत पेन्सिलीनेच लिही. (मी अजून तसंच करतो.)

पुढच्या वेळी दुसरा अध्याय काढ. ‘लढणार नाही’ म्हणून अर्जुन गप्प होतो आणि कृष्ण हसल्यासारखा बोलू लागतो. मधे काय झालं असेल?