गाडीचा खर्च, घसारा आणि डॅशबोर्डातली वही

गेल्या दोन महिन्यांत आलेल्या प्रश्नांत निम्मे गाडीचेच आहेत. त्यातले सहा घेतो. उत्तरे २०२५-२६ या आर्थिक वर्षाच्या रिटर्नसाठी आहेत. ते १९६१ च्याच कायद्याप्रमाणे भरायचे. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झाला आणि त्यात कलमांचे क्रमांक बदलले. तेव्हा इथले क्रमांक पुढच्या वर्षाच्या हिशेबाला चिकटवू नका.

प्रश्न : मी विमा एजंट आहे. दसऱ्याला कार बुक केली, पाडव्याला घरी आणली. जीएसटी आणि आरटीओचा कर धरून ९ लाख पडले. ७ लाखांचे कर्ज आहे, हप्ता साडेचौदा हजारांच्या आसपास. सगळा हप्ता खर्चात टाकता येईल ना? गाडी घरीही वापरतो. (सांगली)

नाही. ही चूक मला दरवर्षी दिसते, आणि करणारे लोक हुशार असतात. हप्त्यात मुद्दल असते आणि व्याज असते. खर्च फक्त व्याजाचा. ७ लाखांचे कर्ज ९ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी असेल तर पहिल्या हप्त्यात व्याज ५,२५० रुपये, बाकी मुद्दलफेड. बँकेकडून ३१ मार्चपर्यंतच्या व्याजाचा दाखला घ्या आणि तेवढाच आकडा धरा.

मुद्दल मग जाते कुठे? ते गाडीच्या किमतीतच आहे, आणि किंमत घसाऱ्याच्या वाटेने, म्हणजे गाडी झिजते म्हणून दरवर्षी थोडी थोडी, वजा होते. स्वतःच्या धंद्यात वापरायच्या कारला वर्षाला १५ टक्के घसारा मिळतो. म्हणजे ९ लाखांवर १ लाख ३५ हजार. पण गाडी त्या वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरात असेल तर निम्माच. आता कॅलेंडर काढा. २०२५ चा दसरा २ ऑक्टोबरला होता; तिथून ३१ मार्चपर्यंत १८१ दिवस भरतात. पाडवा २२ ऑक्टोबरला. तुम्ही दसऱ्याला गाडी आणली असती तर पूर्ण घसारा मिळाला असता. बुकिंगची तारीख इथे चालत नाही, गाडी प्रत्यक्ष कामाला लागली ती तारीख धरतात. तुम्हाला यंदा ६७,५०० चाच हिशेब करावा लागेल. काही बुडाले असे मात्र नाही. उरलेली किंमत पुढच्या वर्षी घसाऱ्याला उभी राहते.

आता घरगुती वापर. कलम ३८(२) म्हणते की गाडी पूर्णपणे धंद्यासाठी वापरली नसेल, तर योग्य तेवढाच हिस्सा मान्य होईल. सगळेजण २० टक्के घरगुती धरतात, पण कायद्यात २० हा आकडा कुठेही नाही. तो चहाच्या टपरीवर ठरलेला आकडा आहे. तुमचा धंद्याचा वापर ७० टक्के असेल तर घसारा ४७,२५० धरा. पेट्रोल, दुरुस्ती, गाडीचा विमा, कर्जाचे व्याज, सगळ्याला तेच प्रमाण.

आणि ७० टक्के हे सिद्ध कसे करायचे? माझा एक अशील डॅशबोर्डात दहा रुपयांची वही ठेवतो. तारीख, निघतानाचे किलोमीटर, पोहोचल्यावरचे किलोमीटर, कोणाकडे गेलो. अक्षर इतके वाईट की मलाही लागत नाही, पण एकदा चौकशी आली तेव्हा त्या वहीवर अधिकाऱ्याने फार प्रश्न विचारले नाहीत. पंपावरच्या पावत्या तीन-चार महिन्यांत कोऱ्या होतात, म्हणून त्यांचा फोटो काढून ठेवा किंवा पैसे यूपीआयने द्या. फास्टॅगचे स्टेटमेंटही जपून ठेवा, गाडी कोणत्या दिवशी कोणत्या टोलनाक्यावर होती ते त्यात येते.

एक जाता जाता. नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्य होतो. त्यामुळे उत्पन्न साडेबारा-तेरा लाखांवर आले की गाडीचा वापर अचानक ९५ टक्के धंद्याचा होतो, असे मी पाहतो. तुम्ही तसे लिहिलेले नाही, पण लिहिणारे आहेत.

प्रश्न : मी आर्किटेक्ट. वर्षाची फी ३२ लाख, सगळी बँकेतून. कर सल्लागार निम्मे उत्पन्न दाखवतात. साइटवर जायचे पेट्रोल आणि कारचा घसारा त्यातून वेगळा वजा का करत नाहीत? (कोल्हापूर)

कारण करता येत नाही. ते कलम ४४एडीए घेतात, म्हणजे व्यावसायिकांचे उत्पन्न फीच्या ठरावीक टक्क्यांनी धरायची योजना. त्यात ५० टक्के, म्हणजे १६ लाख, हे तुमचे उत्पन्न मानले जाते. उरलेल्या १६ लाखांत पेट्रोल, ऑफिसभाडे, ड्राफ्ट्समनचा पगार, घसारा सगळे आले असे कायदा समजतो. तुमचा खरा खर्च १० लाखांचा असेल तर तुम्ही फायद्यात आहात, गप्प बसा. खर्च खरोखर २० लाखांचा असेल तर हिशेबाची पुस्तके ठेवून ऑडिट करून कमी उत्पन्न दाखवता येते.

यातली खोच लोकांना नंतर कळते. या योजनेतही त्या त्या वर्षीचा घसारा मिळाला असेच धरले जाते. चार वर्षांनी पुस्तकांवर आलात तर कारची किंमत मूळ १० लाख लावता येणार नाही. दर वर्षीचे १५ टक्के उतरवून ती ५ लाख २२ हजारांच्या घरात येते.

प्रश्न : कॅटरिंग माझे, पण कार पत्नीच्या नावावर. ती नोकरी करते, कर्जही तिचेच. घसारा मी घेऊ का? (ठाणे)

घसाऱ्यासाठी मालकी लागते. पैसे तुमच्या धंद्यातून गेले असते आणि केवळ आरसी तिच्या नावावर असती, तर वाद घालायला जागा होती. म्हैसूर मिनरल्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये मालकीचा अर्थ नोंदणीपुरता बांधून ठेवला नाही. तुमच्याकडे कर्जही तिचे, हप्तेही तिचे. तेव्हा घसारा आणि व्याज दोन्ही सोडा. ऑर्डरी पोहोचवताना जळलेले डिझेल आणि त्या प्रमाणात दुरुस्ती तुमच्या खर्चात धरा. पत्नीला भाडे देणे हा मार्ग आहे, पण भाडे बाजारभावाचे हवे, बँकेतून जायला हवे आणि तिने ते आपल्या रिटर्नमध्ये दाखवायला हवे. मला विचाराल तर पुढची गाडी धंद्याच्या मालकाच्या नावावर घ्या.

प्रश्न : माझ्याकडे दोन छोटे हत्ती आहेत, कांदा वाहतो. टायर-डिझेलच्या बिलांची पिशवी भरली आहे. दोन महिने एक गाडी गॅरेजलाच होती. (लासलगाव)

पिशवी माळ्यावर टाका, फेकू नका. मालवाहू गाड्या कोणत्याही वेळी दहापेक्षा जास्त नसतील तर कलम ४४एई ची सोय आहे. १२ टनांपेक्षा जास्त एकूण वजनाची गाडी नसेल, तर दर गाडीला दर महिन्याला ७,५०० रुपये उत्पन्न धरायचे. गाडी गॅरेजला असली तरी तुमच्या मालकीची होती, म्हणून ते दोन महिनेही मोजायचे. दोन गाड्यांचे वर्षाचे १ लाख ८० हजार झाले. त्यातून डिझेल, घसारा, हप्ता काहीही वजा होत नाही, पण दुसरे उत्पन्न नसेल तर करही येत नाही. मोठ्या ट्रकला मात्र टनामागे महिना १,००० हा दर आहे. आणि प्रवासी टॅक्सीवाल्यांनी हे वाचून उड्या मारू नयेत. ही सोय फक्त मालवाहू गाड्यांना आहे.

प्रश्न : ३ लाखांची जुनी कार रोखीने घेतली. पक्की पावती आहे. घसारा मिळेल? (लातूर)

शून्य. मालमत्ता घेताना एका व्यक्तीला एका दिवसात १० हजारांपेक्षा जास्त रोख दिली तर ती रक्कम किमतीत धरलीच जात नाही. पावती पक्की असल्याने उलट विकणाऱ्याची अडचण झाली: २ लाख किंवा त्याहून जास्त रोख एका व्यवहारात घेतल्याबद्दल त्याला तितकाच दंड होऊ शकतो. पेट्रोल-दुरुस्तीचा धंद्याचा हिस्सा तुम्हाला मिळेल. गॅरेजवाल्याला मात्र १०-१२ हजारांचे बिल रोखीने देऊ नका, तिथेही दिवसाला १० हजारांचीच मर्यादा आहे.

प्रश्न : डिलिव्हरीच्या गाड्यांवर वर्षात ११ हजारांची ई-चलाने भरली. धंद्यासाठीच भरली की! (पिंपरी)

धंद्यासाठी भरली, पण नियम मोडून. ती वजा होत नाहीत. पार्किंगची पावती होते.