शिशीतल्या आळ्या आणि प्राध्यापकी

हर्णैहून एका वडिलांचं पत्र आलं आहे. त्यांचा सुक्या मासळीचा धंदा, मुलगी बारावी सायन्सला. ते लिहितात, "मेलेल्या माणसावरच्या आळ्या बघून मृत्यूची वेळ काढायचं शास्त्र असतं, त्यातली प्राध्यापक होणार म्हणते. घरात शिशीत आळ्या पाळल्यात. तिची आई वैतागली आहे. यात भवितव्य आहे का?"

आहे. आणि लेकीने सुरुवात अगदी योग्य ठिकाणी केली आहे. तुमच्या वाळत घातलेल्या मासळीवर घोंगावणारी हिरवी-निळी चमकदार माशी, क्रायसोमाया, मृतदेहावरही सर्वांत आधी पोचणाऱ्यांतली. सुक्या बोंबलाला लागणारे डर्मेस्टिस भुंगेरे मृतदेह सुकू लागला की येतात. माशीचा क्रम असा: अंडं, आळीच्या तीन अवस्था, कोष, माशी. कुठल्या तापमानाला कशाला किती तास लागतात हे माहीत असलं की आळीचं वय निघतं, आणि मृत्यू निदान किती काळापूर्वी झाला हे त्यावरून ताडता येतं. मुसळधार पावसात माशी फारशी उडत नाही, अंडी उशिरा पडतात. म्हणून विदर्भातल्या उन्हाळ्याचे आकडे आपल्या आषाढाला लावता येत नाहीत. कोकणातल्या नोंदी कोकणातच घ्याव्या लागतील, त्या तिने घ्याव्यात असं मला मनापासून वाटतं.

मात्र कॉलेजात जागा निघते ती प्राणिशास्त्राची. तेव्हा नुसत्या 'फॉरेन्सिक' नावाला भुलून पदवी निवडू नका. बी.एस्सी. प्राणिशास्त्र, एम.एस्सी.ला कीटकशास्त्र, ५५ टक्के गुण, मग नेट किंवा सेट ही प्राध्यापकीची पात्रता परीक्षा, आणि हा विषय पीएच.डी.ला. कायम नेमणुकीआधी बहुधा काही वर्षं तासिका तत्त्वावर, म्हणजे घेतलेल्या तासांपुरत्या मानधनावर, काढावी लागतात, हे घरात आत्ताच बोलून ठेवा.

प्राध्यापकी लांबली तर गुन्ह्यांचे पुरावे तपासणाऱ्या प्रयोगशाळेची वाट आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी प्रक्रियेच्या कायद्यात सात वर्षं किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाण्याची तरतूद आहे.

शिशी फेकू नका, पडवीत हलवा. शेजारी तापमापी ठेवा. सकाळ-संध्याकाळ तापमान आणि आळीची लांबी तिने वहीत लिहावी. काही आळ्या गरम पाण्यात मारून ८० टक्के अल्कोहोलमध्ये जपाव्यात, बाकीच्यांच्या माश्या होऊ द्याव्यात. ती वही घेऊन जवळच्या कॉलेजातल्या प्राणिशास्त्राच्या सरांना किंवा मॅडमना भेटा. तिच्याबरोबर तुम्हीही जा.