इलेक्ट्रिक गाडीने युरोपात लांब फिरताना ड्रायव्हर असिस्टन्स खरंच कामाला येतो का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. जर्मनीत इलेक्ट्रिक गाडी घेऊन उन्हाळ्यात इटलीला जायचंय तर असिस्टन्सच्या पॅकेजला वरचे पैसे मोजावेत का, आणि गाडी खरंच स्वतःची स्वतः चालते का. दुसऱ्याचं उत्तर आधी देतो, नाही चालत. पैसे मोजा, पण सगळ्यासाठी नको.

मी म्युनिकला राहतो. तिथून गार्डा लेक सुमारे ४०० किमी, हा रूट पाच-सहा वेळा झालाय, एकदा तसंच पुढे फ्लोरेन्सपर्यंत गेलो. गाडी कुठली ते मुद्दाम सांगत नाही, नाहीतर मग त्यावरच वाद सुरू होतो.

यात दोन वेगळ्या गोष्टी असतात. एक म्हणजे पुढच्या गाडीशी अंतर ठेवून वेग कमीजास्त करणारा क्रूझ, आणि दुसरी म्हणजे लेनच्या मधोमध गाडी ठेवणारं स्टिअरिंग, म्हणजेच लेन असिस्ट. पहिली डोळे झाकून घ्या (घेताना झाका, चालवताना नको!). इलेक्ट्रिक गाडीत तिचा डबल फायदा आहे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे ११० वरून १३० वर गेलात की तो सुमारे ४० टक्क्यांनी वाढतो आणि बॅटरी डोळ्यांदेखत उतरते. स्वतःच्या पायाने चालवताना कोणीतरी ओव्हरटेक करून गेलं की आपला पाय नकळत दाबला जातोच, क्रूझला तसला इगो नसतो. मी बहुतेकदा ११५ लावतो आणि विसरतो. गार्डाला पोचायला फार तर १५-२० मिनिटं जास्त लागतात, तीही चार्जरवर कमी थांबावं लागतं म्हणून बरीचशी भरून निघतात. आल्प्समधला ब्रेनर घाट उतरताना बॅटरीच्या खर्चाचा आकडा इतका खाली येतो की मागच्या वर्षी आईबाबा आले होते तेव्हा बाबांना वाटलं मीटर बिघडला.

आता स्टिअरिंग. बाबा शेजारच्या सीटवर होते, सांगलीत वीस वर्षं मारुती ८०० चालवलेला माणूस, चाक आपोआप हलतंय बघून म्हणाले, "अरे, हात सोडलेस की काय?" हात सोडलेच नव्हते, सोडताही येत नाहीत, पंधरा-वीस सेकंदांत गाडी बोंबलायला लागते. काही गाड्यांना हाताचा नुसता स्पर्श कळतो, काहींना चाकावर थोडा जोर जाणवावा लागतो, घेण्याआधी हे नक्की विचारा कारण दुसऱ्या प्रकारात दर मिनिटाला चाक उगाच किंचित ओढत बसावं लागतं आणि चार तासांनी त्याचाच वैताग येतो. चाकाला वजन लटकवून गाडीला फसवणारे महाभाग आहेत, त्या वाटेला जाऊ नका.

कुठे गंडतं ते सांगतो. म्युनिकहून निघालं की ए-८ हायवेवर इर्शेनबर्गचा चढ लागतो. तिथे मी मधल्या लेनमध्ये १२० वर होतो, उजवीकडे एक टुरिस्ट बस होती आणि तिच्या मागे १०० चं गोल स्टिकर. ते बसच्या स्वतःच्या मर्यादेचं असतं. माझ्या गाडीने ते रस्त्याचा बोर्ड समजून वाचलं आणि काही कारण नसताना वेग उतरवायला लागली, मागचा आरशात एवढा मोठा दिसायला लागला की मी सरळ अॅक्सिलरेटर दाबला. तेव्हापासून बोर्ड वाचून आपोआप वेग बदलायचं सेटिंग बंद. वेग मीच ठरवतो. ऑस्ट्रियात ए-१२ हायवेवर प्रदूषणामुळे १०० ची मर्यादा लागू असेल तिथेही हातानेच १०० लावायचा.

दुसरी जागा म्हणजे रस्त्याची कामं. जर्मनीत काम चालू असलं की तात्पुरते पिवळे पट्टे मारतात, खालचे पांढरे तसेच राहतात, आणि गाडी कधी याला मानते कधी त्याला. डावी लेन अरुंद असते, बऱ्याचदा २.१ मीटरचा बोर्ड असतो आणि ही रुंदी आरशांसकट धरतात, त्यामुळे बहुतेक मोठ्या इलेक्ट्रिक गाड्यांना ती लेन जवळपास बादच. अशा ठिकाणी स्टिअरिंग आधीच बंद करतो आणि उजवीकडे ट्रकांच्या मागे गपगुमान राहतो.

तिसरी गोष्ट जॅमची. जर्मनी-ऑस्ट्रियात ट्रॅफिक तुंबायला लागलं की सगळ्यात डाव्या लेनने डावीकडे आणि बाकीच्यांनी उजवीकडे सरकून ॲम्ब्युलन्सला मधे वाट ठेवायची, हा कायदा आहे. आणि लेन असिस्ट बिचारा ओढतोय मधोमध! जॅममध्ये क्रूझ चालू ठेवा, त्याचं सोनं तिथेच होतं, पण स्टिअरिंग आपल्या हातात घ्या.

रात्री पावसात मात्र मला सगळ्यात जास्त भीती वाटते. पट्टे दिसेनासे झाले की माझ्या गाडीत स्टिअरिंगचं चिन्ह हिरव्याचं करडं होतं, आवाज काही नाही. बोलण्याच्या नादात असलात तर गाडी आता वळणार नाहीये हे वळणावरच कळतं. आणि हो, इटलीत पावसात हायवेची मर्यादा १३० वरून ११० होते, तेही लक्षात तुम्हीच ठेवायचं.

बाकी वेग मर्यादेपेक्षा जास्त झाला की इशारा देणारी यंत्रणा (बहुतेक गाड्यांत टींटीं करणारी) जुलै २०२४ पासून इथे विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या गाडीत सक्तीची आहे, त्याचे वेगळे पैसे कोणी मागत असेल तर हसून सोडून द्या. बंद केली तरी गाडी पुन्हा चालू केल्यावर ती परत येतेच. आपोआप लेन बदलणाऱ्या फीचरला मी तरी पैसे देणार नाही, मागून दोनशेने येणारा माणूस आरशात बघून जेवढा कळतो तेवढा तिला कळतो असं मला अजून वाटलेलं नाही.

घेण्याआधी तीच गाडी एक वीकेंड भाड्याने घ्या. निघायच्या आधी पार्किंगमध्ये दहा मिनिटं बसून एकच गोष्ट शोधा, क्रूझ चालू ठेवून फक्त स्टिअरिंग कुठल्या बटणाने बंद होतं. ते चाकावर असेल तर ठीक, पण स्क्रीनवरच्या तिसऱ्या मेनूत सापडलं तर दुसरी गाडी बघा.