तुरुंगात थांबून विचार करायला शिकवता येते का?

प्रश्न : आमच्या नात्यातला एक तरुण मारामारीच्या गुन्ह्यात शिक्षा भोगत आहे. परदेशांत कैद्यांना विचार करण्याची कौशल्ये शिकवतात आणि त्यामुळे त्यांचा मेंदूच बदलतो, असे वाचनात आले. यात तथ्य किती? आपल्याकडच्या तुरुंगांतील विपश्यनेसारखाच हा प्रकार आहे का? – एक वाचिका, सातारा

उत्तर : वागणुकीत फरक पडतो, पण माफक. मेंदूविषयी मात्र जेवढे छापून येते, तेवढे सिद्ध झालेले नाही.

कॅनडात रॉबर्ट रॉस आणि एलिझाबेथ फॅबियानो यांनी १९८०च्या दशकात ‘रीझनिंग अँड रिहॅबिलिटेशन’ हा अभ्यासक्रम तयार केला. त्यात सुमारे दोन तासांची ३६ सत्रे असतात. डिवचले जाणे आणि हात उगारणे यांच्या मध्ये विचाराला जागाच उरत नाही, म्हणून अनेक गुन्हे घडतात, ही त्यामागची धारणा आहे. त्यामुळे तेथे उपदेश करत नाहीत. समोरच्याच्या जागी स्वतःला ठेवून पाहणे, एका अडचणीवर चार-पाच मार्ग शोधणे, राग चढू लागल्याची खूण ओळखणे, यांचा सराव प्रसंग वठवून करून घेतात.

याच जातीचा एक साधा खेळ शिकागोतील शाळकरी मुलांच्या ‘बिकमिंग अ मॅन’ या कार्यक्रमात घेतात. जोडीतील एकाच्या हातात चेंडू देतात आणि दुसऱ्याला तो अर्ध्या मिनिटात मिळवायला सांगतात. बहुतेक वेळा झटापट सुरू होते. मग मार्गदर्शक विचारतो, “चेंडू नुसता मागून का नाही पाहिलास?” तो म्हणतो, “मागून थोडाच दिला असता!” आणि चेंडूवाला म्हणतो, “दिला असता की, चेंडूच तर आहे.” मला हा खेळ फार मोलाचा वाटतो, कारण समोरच्याच्या मनात काय आहे याचा आपण किती झटकन आणि किती चुकीचा अंदाज बांधतो, हे त्या मुलाला दुसऱ्या कुणी सांगावे लागत नाही. याच तत्त्वावरचे प्रशिक्षण शिकागोच्या बालबंदीगृहात दिले, तेव्हा मुले पुन्हा तेथे दाखल होण्याचे प्रमाण सुमारे २१ टक्क्यांनी घटले.

कॅनडाच्या अभ्यासक्रमाची चार देशांतील मूल्यमापने २००६ मध्ये एकत्र तपासली गेली, तेव्हा पुन्हा गुन्हा करण्यात १४ टक्के घट आढळली. म्हणजे एरवी शंभरांतले पन्नास पुन्हा गुन्ह्याकडे वळले असते, तर प्रशिक्षणानंतर त्रेचाळीस वळले. आकडा लहान वाटेल, परंतु त्या सात जणांच्या मागे सात घरे असतात. इंग्लंडमध्ये मात्र अशा कार्यक्रमांचे पहिले मूल्यमापन आशादायक निघाले आणि पुढच्या मूल्यमापनात तो परिणाम दिसला नाही.

आता मेंदूविषयी. आवेग आवरणे आणि परिणामांचा अंदाज घेणे यांत कपाळामागच्या भागाचा मोठा वाटा असतो आणि तो भाग विशीच्या मध्यापर्यंत परिपक्व होत राहतो. तथापि कैद्यांवरील अभ्यासांत बहुधा मेंदूची चित्रे काढलेली नसून लक्ष आणि आत्मसंयम यांच्या चाचण्या घेतलेल्या असतात. अॅमस्टरडॅममध्ये ३७ कैद्यांचा अभ्यास झाला, त्यात तीन महिन्यांच्या कारावासानंतर त्यांचा आत्मसंयम घटलेला आढळला. न्यूयॉर्कच्या रायकर्स बेटावरील तुरुंगात १६ ते १८ वयाच्या २६४ मुलांच्या अभ्यासात सर्वांचेच लक्ष कालांतराने ढासळले, पण विचारकौशल्ये आणि ध्यान यांची सांगड घातलेले प्रशिक्षण ज्यांना मिळाले, त्यांचे कमी ढासळले. उठणे, जेवणे, दिवा मालवणे हे सगळे दुसरेच ठरवत असताना निर्णय घेण्याची शक्ती गंजणारच. प्रशिक्षणाने तिची झीज निदान कमी होऊ शकते, इतकेच मी आज म्हणेन.

विपश्यनेची शिबिरे तिहारमध्ये १९९३ पासून झाली. त्या दहा दिवसांत मौन पाळून शरीरातील संवेदना निरखायच्या असतात, तर विचारकौशल्यांच्या प्रशिक्षणात बोलणे, वाद घालणे आणि तोडगा काढणे हाच सराव असतो. रायकर्सवरील प्रयोग पाहता दोन्ही एकमेकांना पूरक ठरू शकतात.

तुम्ही त्या तरुणाला तुरुंगात भेटायला जाल तेव्हा त्याला ‘असे का केलेस’ असे विचारू नका. हात उगारण्याच्या आधीच्या क्षणी मनात काय आले होते आणि आणखी काय करता आले असते, हे विचारा, आणि तो आठवेपर्यंत थांबा.