डीएम झाल्यावर अजून फेलोशिप कशाला?

प्रश्न : नमस्कार डॉक्टर, माझी मुलगी डीएम गॅस्ट्रोच्या, म्हणजे एमडीनंतरच्या पोटविकारांच्या सुपरस्पेशालिटीच्या, शेवटच्या वर्षाला आहे. आम्हाला वाटलं आता लातूरला येऊन प्रॅक्टिस सुरू करेल, तर ती म्हणते आधी अ‍ॅडव्हान्स्ड एंडोस्कोपीची, म्हणजे दुर्बिणीने करायच्या अवघड प्रोसिजरची, फेलोशिप आणि मग मेडिकल कॉलेजातच राहून शिकवणार. अजून शिकायचं राहिलंय तरी काय? – एक आई, लातूर

उत्तर : ताई, तुमची घालमेल कळते. एमबीबीएस इंटर्नशिपसकट साडेपाच वर्षं, मग एमडी ३, डीएम ३, वर मधली नीटची तयारी वेगळीच. तरी मी तुमच्या लेकीच्या बाजूनेच बोलणार.

गॅस्ट्रोस्कोपी (जठराची दुर्बीण तपासणी), कोलोनोस्कोपी (मोठ्या आतड्याची), रक्ताची उलटी झालेल्या पेशंटला बँडिंग, म्हणजे रक्त येणाऱ्या नसेला रबरबँड लावणं, हे डीएममध्ये येतं. ईआरसीपीचं, म्हणजे दुर्बीण आणि एक्स-रेच्या मदतीने पित्तनळीवर करायच्या प्रोसिजरचं, तसं नाही हो. पित्तनळीत अडकलेला खडा काढायचा म्हणजे तोंडातून दुर्बीण लहान आतड्याच्या सुरुवातीपर्यंत न्यायची आणि तिथल्या बारीकशा छिद्रातून वायर नेमकी पित्तनळीत घालायची, शेजारची स्वादुपिंडाची नळी सारखी डिवचली गेली तर पॅनक्रियाटायटिस (स्वादुपिंडाला सूज) होतो आणि खडा काढायला आलेला माणूस आयसीयूत जाऊ शकतो. अमेरिकेतल्या एंडोस्कोपी सोसायटीचं म्हणणं, सिनियरच्या देखरेखीखाली निदान २०० ईआरसीपी झाल्याशिवाय शिकणाऱ्याची पारखसुद्धा करू नये. एवढ्या केसेस डीएममध्ये सगळ्यांच्या वाट्याला येत नाहीत, म्हणून फेलोशिप.

आता कॉलेजात राहायचं का. पैसा प्रायव्हेटमध्येच जास्त, त्यात लपवण्यासारखं काही नाही. पण हे बघा, २०१२ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी ईआरसीपीनंतर लगेच गुदमार्गे इंडोमेथॅसिन या सूज कमी करणाऱ्या औषधाची सपोझिटरी देऊन बघितली, औषध जुनं आणि अगदी स्वस्त, आणि जास्त धोका असलेल्या पेशंटमध्ये पॅनक्रियाटायटिस १६.९ टक्क्यांवरून ९.२ टक्क्यांवर आला! अशी कामं होतात कारण कोणीतरी ओपीडी आणि प्रोसिजर सांभाळून वर्षानुवर्षं नोंदी ठेवतं, एथिक्स कमिटीच्या फेऱ्या मारतं, रेसिडेंटकडून आकडे परत परत तपासून घेतं. अन्ननळीचं खालचं तोंड न उघडणाऱ्या पेशंटसाठी जपानच्या डॉ. हारुहिरो इनोउए यांनी २००८ मध्ये पोएम नावाची दुर्बिणीची प्रोसिजर पहिल्यांदा केली, बाहेरून एकही टाका न घालता आतूनच स्नायू कापायचा, आणि मग त्यांनी ती दुसऱ्यांना शिकवली म्हणून आज आपल्याकडेही होते. मला स्वतःला या पेशातलं हेच सगळ्यात मोलाचं वाटतं.

आणि त्यासाठी परदेशीच जायला हवं असं नाही. तुमच्यापासून रात्रीच्या प्रवासावर हैदराबाद, तिथे डॉ. नागेश्वर रेड्डींनी जगभरातून लोक शिकायला येतील असं एआयजी हे पोटविकारांचं हॉस्पिटल उभं केलं, २०२५ मध्ये त्यांना पद्मविभूषण जाहीर झालं. मुंबईचे डॉ. अमित मायदेव याच कामातले, २०१३ चे पद्मश्री.

मुलीला एवढं सांगा की फेलोशिप घेताना मशीन आणि नाव बघून भुलू नको. आधीच्या फेलोला गाठून विचार की स्कोप (दुर्बीण) त्याच्या हातात किती वेळा आला, का नुसतं मागे उभं राहून बघितलं, आणि कॉम्प्लिकेशन झालं तर मीटिंगमध्ये मोकळेपणी बोलतात का. अजून एक, तासन्‌तास एक्स-रेखाली लेड अ‍ॅप्रन घालून उभं राहावं लागतं, पाठ जाते, आणि स्कोपची चाकं लहान हातांना जड पडतात, मुलींना हे जास्त जाणवतं. तेव्हा अ‍ॅप्रन स्वतःच्या मापाचा घ्यायला सांगा आणि डोसिमीटरचा, म्हणजे अंगावर किती एक्स-रे पडले ते मोजणारा, बिल्ला रोज लावायला सांगा.